नमनाची जुनी डीव्हीडी कन्व्हर्ट होताना ६३ टक्क्यांवर अडकते, आवाजही मागे पडतो. मदत हवी

सुपारीची बाग

नमस्कार मंडळी. आमचं गाव गुहागर तालुक्यात. माझ्या सासऱ्यांना हौस फार. मुंबईत नोकरीला असताना त्यांनी हँडीकॅम घेतला आणि शिमग्याला गावी आले की पालखी, होळी, नमन (आमच्याकडचं लोकनाट्य) सगळं त्यात घ्यायचे. २००५ साली आमच्या वाडीचं नमन त्यांनी अख्खी रात्र जागून घेतलं. नंतर एका स्टुडिओत देऊन त्याच्या दोन डीव्हीडी करून आणल्या.

सासरे आता नाहीत. त्या नमनात मृदंगावर बसलेले आमचे चुलत सासरेही गेले. यंदा वाडीतली पोरं पुन्हा नमन उभं करतायत आणि त्यांना मृदंगाची ती जुनी चाल हवी आहे. नुसती ऐकून भागत नाही, हात कसा पडतो ते बघायला हवं म्हणतात. म्हणून मी हे काम अंगावर घेतलं.

डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइली कॉम्प्युटरवर कॉपी केल्या आणि हॅन्डब्रेक नावाच्या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक करून एमपी४ केल्या. आता अडचणी ऐका. नमनातलं सोंग, संकासूर, उडी मारतो तेव्हा त्याच्या अंगावर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. दुसऱ्या फाइलीत मृदंगावर थाप पडल्यावर आवाज जरा उशिराने येतो. तिसरी फाइल ६३ टक्क्यांवर जाऊन थांबते, चार वेळा केलं, चारही वेळा तेच. आणि जी पहिली फाइल नीट झाली ती पेन ड्राइव्हवरून टीव्हीला लावली तर टीव्ही म्हणतो, फाइल चालत नाही.

डेस्कटॉप जुना आहे. विंडोज १०, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी, निम्मी रिकामी. मला यातलं जेमतेम कळतं, पण सांगाल ते नीट करीन.

वाडीवरचा

ताई, फाइलीच्या नावातलं शेवटचं व्हीओबी काढून तिथे एमपी४ लिहा. कन्व्हर्ट करायची गरजच नाही. माझी एक फाइल अशीच चालली होती.

खाडीपलीकडे

वाडीवरचा, तुमची चालली ती प्लेअरच्या हुशारीने. व्हीएलसीसारखा प्लेअर नावावर विसंबत नाही, आत डोकावून बघतो. टीव्ही तेवढा समजूतदार नसतो.

आपल्याकडचंच उदाहरण देतो. एमपी४, एमकेव्ही, व्हीओबी, एव्हीआय या सगळ्या पेट्या. आत आंबा कुठला आहे, हापूस, पायरी की रायवळ, ते निराळं. पेटीवरचं लेबल बदललं म्हणून आतली पायरी हापूस होत नाही. डीव्हीडीच्या पेटीत एमपेग-२ नावाचं चित्र असतं आणि आवाज बहुधा एसी-३ किंवा एमपी२. नाव बदललं तरी आत तेच राहतं. कधी नुसती पेटी बदलून भागतं, आंब्याला हात लावावा लागत नाही. कधी आंबाच बदलावा लागतो, त्याला खरं कन्व्हर्जन म्हणायचं. आंबा बदलताना दर वेळी थोडा दर्जा जातो आणि गेलेला परत येत नाही.

सुपारीची बाग ताई, पुढे काही करण्याआधी मला तीन गोष्टी सांगा.

पहिली. व्हीएलसीत मूळ तिसरी व्हीओबी लावा आणि जिथे हॅन्डब्रेक थांबतं साधारण तिथे नेऊन बघा. चित्र फुटतं का?

दुसरी. आवाज पहिल्या सेकंदापासून मागे आहे, हळूहळू मागे पडत जातो, की एका ठरावीक ठिकाणी एकदम सरकतो? या तिन्हींची कारणं वेगळी आणि औषधं वेगळी. हे बघून घेतल्याशिवाय कुणाचाही सल्ला घेऊ नका, माझासुद्धा.

तिसरी. मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात मूळ फाइल आणि तुम्ही केलेली फाइल दोन्ही टाका आणि काय दिसतं ते इथे लिहा. डॉक्टर आधी नाडी बघतो तसं हे.

आणि डीव्हीडी जपून ठेवा. काम झालं तरी टाकायच्या नाहीत.

मालवणी मसालो

ताईनू, माका पण असोच त्रास झालो. जत्रेक आमच्या गावात दशावतार होतो, तो मी मोबाइलार रात्रभर घेतलंय. मगे कंप्युटरार घालून कापाकापी केलंय तर राजाचा तोंड आधी हलता आणि आवाज मगे येता. सुरवातीक बरा असता, अर्ध्या तासान बघवत नाय. आणि शेवटची फाइल तर उघडनाच नाय. मोबाइलची बॅटरी संपली आणि फोन बंद पडलो, तेवा घेतलेली ती. खाडीपलीकडे दादानू, माका पण सांगा.

खाडीपलीकडे

मालवणी मसालो, तुमच्या दोन्ही दुखण्यांची कारणं ओळखीची आहेत.

मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो असं आपण धरून चालतो, पण अंधार पडला की बरेच फोन आपोआप वेग कमी करतात, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड जास्त मिळतो. दशावतारात एक प्रवेश झगझगीत उजेडात, दुसरा काळोखात. एकाच फाइलीत वेग कमीजास्त होत राहतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र बऱ्याचदा सगळीकडे ३०च धरतं. आवाज आपल्या गतीने चालतो, चित्र वेगळ्या, आणि अंतर वाढत जातं. उपाय असा की कापाकापीच्या आधी ती फाइल हॅन्डब्रेकमधून काढायची आणि व्हिडीओच्या पानावर फ्रेमरेट ३० करून त्याखाली ‘कॉन्स्टंट’ निवडायचं. कापाकापी त्यानंतर.

न उघडणारी फाइल. एमपी४ पेटीत कुठलं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका असते आणि बहुतेक फोन ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहितात. फोन मध्येच बंद पडला, अनुक्रमणिका लिहायची राहिली. माल सगळा आत आहे, फक्त वाट सापडत नाही. अनट्रंक नावाचं एक मोफत साधन आहे. त्याच फोनवर, त्याच सेटिंगमध्ये घेतलेली एक धड चालणारी फाइल त्याला नमुना म्हणून द्यायची, ते तिच्यावरून तुटक्या फाइलीची अनुक्रमणिका नव्याने बांधतं. दर वेळी जमेलच असं नाही, पण करून बघण्यासारखं नक्की आहे. तोवर त्या मेमरी कार्डावर एकही नवा फोटो घेऊ नका.

मालवणी मसालो

देव बरा करो. आजच करून बघतंय.

सुपारीची बाग

खाडीपलीकडे दादा, सांगितलंत तसं केलं.

तिसरी व्हीओबी व्हीएलसीत लावली. थांबण्याच्या जागी चित्राचे चौकोन चौकोन होतात, हिरवा रंग येतो आणि प्लेअर पुढे उडी मारतो. आता आठवलं, ती फाइल कॉपी करताना विंडोजने एकदा चूक दाखवली होती, ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ असं काहीतरी. मी ‘वगळा’ दाबलं होतं.

आवाज सुरुवातीला बरोबर आहे. साधारण अकराव्या मिनिटाला एकदम सरकतो आणि मग शेवटपर्यंत तेवढाच मागे राहतो.

मीडियाइन्फोत मूळ फाइल: एमपेग, रुंदी ७२०, उंची ५७६, सेकंदाला २५ चित्रं, स्कॅन टाइप ‘इंटरलेस्ड’, आवाज एसी-३. मी केलेल्या फाइलीत एचइव्हीसी लिहिलंय. हॅन्डब्रेकमध्ये एच.२६५ म्हणून होतं, मोठा आकडा म्हणून मी तेच निवडलं होतं.

खाडीपलीकडे

ताई, फार व्यवस्थित बघितलंत. आता एकेक उलगडू.

६३ टक्के. नेहमी एकाच जागी अडकत असेल तर दोष जवळजवळ नेहमी मूळ मालात असतो. कधी २० वर, कधी ७५ वर, कधी मशीनच बंद, असं झालं तर उष्णता, रॅम किंवा वीज बघायची. तुमचा दोष डीव्हीडी वाचण्यातला आहे. डीव्हीडी आतल्या कड्याकडून बाहेर लिहिली जाते, म्हणून शेवटचा भाग बाहेरच्या कडेला असतो. बोटं तिथेच लागतात, बुरशीही बऱ्याचदा कडेपासून धरते. आपल्या दमट हवेत कपाटात पंधरा-वीस वर्षं राहिलेल्या डिस्कचं हे नेहमीचं. उजेडात तिरकी धरून बघा.

पुसायची असेल तर मऊ सुती कापड घ्या आणि मधून बाहेर सरळ पुसा. गोल गोल फिरवून पुसू नका, कारण गोल ओरखडा लागला तर तो लिहिलेल्या रेषेच्याच दिशेने जातो आणि सलग बराच भाग खातो. आडवा ओरखडा ड्राइव्ह बहुतेक वेळा निभावून नेतो. मग वेगळ्या ड्राइव्हमध्ये वाचून बघा. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, हे मी स्वतः कितीतरी वेळा अनुभवलंय.

आवाज. एकदम सरकणं याचा अर्थ त्या जागी काही चित्रं गळाली आणि आवाज राहिला, किंवा उलटं. हेही खराब वाचनाचंच. शिवाय तुम्ही व्हीओबी सुट्या सुट्या कन्व्हर्ट केल्या, ते करू नका. एका व्हीओबीत १ जीबीपेक्षा जास्त मावत नाही म्हणून डीव्हीडी सलग कार्यक्रमाचे तुकडे पाडते. तुकडा गाण्याच्या मध्ये पडला की ओळीच्या मध्ये पडला याच्याशी तिला देणंघेणं नसतं. हॅन्डब्रेकला अख्खं ‘व्हिडीओ_टीएस’ फोल्डर द्या, ते सगळे तुकडे एक कार्यक्रम म्हणून उचलतं.

टीव्ही. चित्र दाबून लहान करायच्या पद्धतींपैकी एच.२६५ हे प्रमाण २०१३चं, एच.२६४ हे २००३चं. जुन्या टीव्हीला नवं वाचता येत नाही, एवढीच गोष्ट. एच.२६४ आणि आवाजाला एएसी घ्या, एमपी४ पेटीत भरा. गावात कुणाच्याही टीव्हीवर लागण्याची शक्यता त्यालाच सगळ्यात जास्त. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा आहे, तेवढं लक्षात ठेवा.

रेघांचं उत्तर मोठं आहे, रात्री लिहितो. दुकान उघडायचंय.

तांबडी माती

एच.२६५ला सरसकट नको म्हणू नका. त्याच दर्जाची फाइल बरीच लहान होते. माझ्याकडे मुलांचे आठ वर्षांचे व्हिडीओ एका डिस्कवर मावले ते त्यामुळेच.

खाडीपलीकडे

मान्य. घरात साठवायला आणि नव्या मशीनवर बघायला एच.२६५ उत्तम. पण ताईंना सहाणेवर (गावात पालखी बसते त्या जागी), कुणाच्या तरी टीव्हीवर दाखवायचंय. मला तिथे जुनंच बरं वाटतं.

खाडीपलीकडे

आता रेघा. हे जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चुकलं की मूळ बिघडल्यासारखंच होतं.

आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत पाल. सेकंदाला २५ चित्रं. पण हँडीकॅम एक पूर्ण चित्र एका क्षणात घेत नव्हता. तो आधी एकाआड एक ओळी घ्यायचा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. दोन अर्धी चित्रं एकमेकांत गुंफलेली. जुन्या डबा टीव्हीवर ती तशीच एकामागून एक उमटायची, म्हणून हालचाल झकास दिसायची. कॉम्प्युटर दोन्ही अर्धी एकदम दाखवतो. मृदंगवाला मांडी घालून बसलेला असेल तर काही कळत नाही. पण संकासूर उडाला की पन्नासाव्या भागात तो चार बोटं वर गेलेला असतो, अर्ध्या ओळींत खाली आणि अर्ध्या ओळींत वर. तोच तुमचा कंगवा.

हॅन्डब्रेकच्या फिल्टरच्या पानावर ‘डीइंटरलेस’ आहे. त्यात याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ निवडा आणि त्याखालच्या प्रीसेटमध्ये ‘बॉब’. बॉब केलं की प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र होतं आणि सेकंदाला ५० मिळतात. त्यासाठी फ्रेमरेट ५० ठेवा. नुसतं २५ ठेवलंत तर रेघा जातील, पण हालचालीतली निम्मी माहितीही जाईल. तुम्हाला मृदंगाची थाप बघायची आहे, हात कुठे आपटतो आणि बोटं कधी उठतात ते. त्यासाठी ५० हवेतच.

एक चूक अनेक जण करतात. रेघा तशाच ठेवून चित्राचा आकार बदलतात. मग वरच्या-खालच्या ओळी एकमेकांत कालवल्या जातात आणि नंतर कुठलाही फिल्टर त्या वेगळ्या करू शकत नाही. आकार ७२० बाय ५७६ तसाच राहू द्या. लोक बारीक किंवा जाड दिसले तर रुंदी-उंचीला हात न लावता ‘अनामॉर्फिक’ ऑटोमॅटिकवर ठेवा. पालचे ठिपके चौरस नसतात, खेळताना ते ४:३ ला ताणायचे असतात.

दर्जाचा आकडा, ज्याला तिथे आरएफ म्हणतात, तो १८ ते २० ठेवा. आकडा लहान तितका दर्जा वर आणि फाइल मोठी.

वाडीवरचा

एवढं करण्यापेक्षा ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकलं तर?

खाडीपलीकडे

डीव्हीडीची एक बाजू ४.७ जीबीची. आमच्याकडे पावसात जे नेट चालतं त्यावर ती चढवायला रात्र जाईल आणि मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. शिवाय तिथे बॉब वगैरे निवडायची सोय बहुतेक वेळा नसते. आणि घरच्या माणसांचं चित्रण कुणा अनोळखी सर्व्हरवर का ठेवावं?

कुलाब्याची होडी

मला एक विचारायचंय. माझा लॅपटॉप कन्व्हर्ट करताना कधी दहा मिनिटांत, कधी तासाने आपोआप बंद होतो. दर वेळी वेगळ्या टक्क्यावर. म्हणजे वर म्हटलं तसं उष्णता का? घर अलिबागला अगदी किनाऱ्याला लागून आहे.

तांबडी माती

शंभर टक्के आधी तेच बघा. कन्व्हर्जनमध्ये प्रोसेसर सगळे कोर पूर्ण ताकदीने चालवतो, एवढं काम त्याला एरवी कधी पडत नाही. माझ्या लॅपटॉपचा पंखा उघडला तेव्हा आत वाळू, धूळ आणि खारट ओल मिळून नमद्यासारखा थर झाला होता. साफ करून घेतला, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलली, त्यानंतर एकदाही बंद पडला नाही. तोवर लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खाली दोन लाकडी पट्ट्या द्या म्हणजे हवा खेळेल. आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये झोपायची वेळ ‘कधीच नाही’ करा. कित्येकदा मशीन बंद पडलेलं नसतं, झोपलेलं असतं.

कुलाब्याची होडी

पंखा बघितला. तुम्ही म्हणालात तसाच थर आहे. उद्या देतो साफ करायला. धन्यवाद.

श्रीवर्धनचा पोफळीवाला

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा घराची कौलं गेली आणि माळ्यावरचा डीव्हीडींचा खोका दोन दिवस पाण्यात राहिला. माझ्या बहिणीच्या लग्नाची, आजीच्या पंच्याहत्तरीची सगळी चित्रणं त्यात. वाचलं ते एवढ्यासाठी की भावाने एक प्रत पनवेलला त्याच्या घरी डिस्कवर ठेवली होती. ताई, तुमचं काम झालं की एक प्रत मुंबईच्या चाकरमान्यांपैकी कुणाकडे तरी ठेवा. एकाच घरात दोन प्रती म्हणजे एकच प्रत.

सुपारीची बाग

नक्की ठेवीन दादा.

आता हिशोब सांगते. पहिली डीव्हीडी पुसली, दिराच्या जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये घातली तर अकराव्या मिनिटाची जागाही नीट वाचली गेली. अख्खं फोल्डर हॅन्डब्रेकला दिलं, बॉब, फ्रेमरेट ५०, एच.२६४, आरएफ १९. चार तास लागले. रेघा गेल्या. आवाज जागेवर आहे. शेजारच्या काकांच्या टीव्हीवर लावलं, लागलं. त्यांच्या अंगणात बारा-पंधरा माणसं जमली बघायला.

दुसरी डीव्हीडी मात्र बाहेरच्या कडेला बुरशीने खाल्ली आहे. शेवटची चाळीस मिनिटं दोन्ही ड्राइव्हवर वाचत नाहीत. आणि मृदंगाची मोठी चाल त्यातच आहे.

दाभोळची लाँच

ताई, एक विचारू का? डीव्हीडी स्टुडिओने कशावरून केल्या होत्या? हँडीकॅमच्या छोट्या कॅसेट घरात आहेत का अजून?

सुपारीची बाग

माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात असतील. बघून सांगते.

सुपारीची बाग

आहेत! पाच कॅसेट. ‘मिनी डीव्ही’ लिहिलंय. प्रत्येकीवर सासऱ्यांच्या अक्षरात निळ्या शाईने, ‘नमन २००५, भाग १’ असं पाचपर्यंत. डब्यात त्यांनी बुटांच्या खोक्यात येतात त्या दाण्यांच्या पुड्या टाकून ठेवल्या होत्या. चार कॅसेट स्वच्छ दिसतात. भाग ४ च्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरट पूड दिसतेय.

दाभोळची लाँच

मग डीव्हीडीचा नाद सोडा. तुमच्या हातात मूळ आहे.

कॅसेटवर चित्र सेकंदाला २५ मेगाबिटने साठवलेलं असतं. दोन तासांचा कार्यक्रम एका थराच्या डीव्हीडीत बसवायचा तर ५ मेगाबिटच्या आसपास उरतात. म्हणजे स्टुडिओने एकदा दाबून लहान केलेलं तुम्ही पुन्हा दाबत होतात. कॅसेटमधून काढलंत तर तो मधला टप्पाच जातो. एका तासाला साधारण १३ जीबी लागतील, पाच कॅसेटना ६५. तुमच्या एसएसडीत बसेल.

पण आधी हे करा. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला एक छोटी सरकपट्टी असते, एका बाजूला ‘रेक’, दुसऱ्या बाजूला ‘सेव्ह’. सगळ्यांच्या ‘सेव्ह’कडे सरकवा. आता त्यावर चुकूनही काही रेकॉर्ड होणार नाही. हे आजच.

पांढरी पूड म्हणजे बुरशी. भाग ४ कुठल्याही कॅमेऱ्यात घालू नका. ती पूड हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला लागते, हेड अडतं आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. ती वेगळ्या हवाबंद डब्यात, नव्या सिलिका जेलसोबत ठेवा. टेप साफ करणाऱ्या जाणत्या माणसाकडेच द्यायची.

कॅमेरा चालू आहे का?

सुपारीची बाग

कॅमेरा आहे, पण चार्जिंग होत नाही आणि कॅसेटचं झाकण अर्ध्यावर अडकतं. सरकपट्ट्या सगळ्या सेव्हकडे केल्या.

दाभोळची लाँच

माझ्याकडे चालू कॅमेरा आहे, मिनी डीव्हीचाच. त्याचं हेड मी दर वर्षी साफ करतो. कॉम्प्युटरला जोडायला फायरवायर नावाची वेगळी जोडणी लागते. अशा कॅमेऱ्यांची यूएसबी बहुतेक वेळा फोटोंसाठी असते, टेपचं पूर्ण दर्जाचं चित्र फायरवायरनेच येतं. तुमच्या डेस्कटॉपमध्ये कार्ड लावायला मोकळी जागा असेल तर कार्ड माझ्याकडे आहे. विंडोज १० वर मला जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर घालावा लागला होता, तो घेऊन येतो. केबल लावताना कॅमेरा बंद ठेवायचा, चालू कॅमेऱ्यात खुपसली तर पोर्ट जळू शकतं.

दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलं की तुमचा तालुका. रविवारी सकाळी आलो तर चालेल का?

सुपारीची बाग

चालेल काय विचारता दादा. जेवायलाच या.

खाडीपलीकडे

लाँचदादा, एक आठवण. डीव्हीत खालच्या ओळी आधी येतात, डीव्हीडीत बहुधा वरच्या. डीइंटरलेस करताना क्रम उलटा लागला तर माणूस चालताना दोन पावलं पुढे एक मागे थरथरल्यासारखा दिसतो. तसं झालं तर फिल्टरमध्ये ‘बॉटम फील्ड फर्स्ट’ द्या. आणि वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेली टेप आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, ताण सारखा होतो.

मालवणी मसालो

अनट्रंकान फाइल उघडली! शेवटची पाच-सात मिन्टा सोडल्यार सगळा आसा. दादानू, तुमचे उपकार.

सुपारीची बाग

रविवारी दाभोळची लाँच दादा आले. सकाळी दहाला कार्ड लावलं, ड्रायव्हर घालायला तासभर गेला. कॅसेट टेपच्या वेगानेच येते, घाई करता येत नाही. तासाची कॅसेट म्हणजे तास. मध्ये एकदा वीज गेली, पण इन्व्हर्टरवर होतं म्हणून निभावलं. संध्याकाळपर्यंत भाग १, २, ३ आणि ५ आले. चारही एव्हीआय फाइली जशाच्या तशा ठेवल्यात, त्यांच्यावरून टीव्हीसाठी वेगळ्या एमपी४ केल्या. खाडीपलीकडे दादांनी सांगितलेलं थरथरणं भाग १ ला झालं होतं, ‘बॉटम फील्ड फर्स्ट’ दिल्यावर गेलं.

मोठी चाल भाग ५ च्या सुरुवातीला निघाली. डीव्हीडीत ती जागा नुसते चौकोन होते. इथे काकांचा डावा हात दिसतो, तळवा कातड्यावर न ठेवता मनगट जरा उचलून ते घुमारा धरून ठेवतात, आणि उजव्या हाताची करंगळी थापेला लागतच नाही. वाडीतला जो पोरगा मृदंग धरणार आहे तो मांडीवर वाजवत बसला होता, त्याने ती सात-आठ मिनिटं अकरा वेळा मागे नेऊन बघितली. मग म्हणाला, आम्ही करंगळी लावत होतो, म्हणून घुमत नव्हतं.

शेवटी काका थांबतात तेव्हा कॅमेऱ्यामागून सासऱ्यांचा आवाज येतो, ‘पुन्हा एकदा घे रे.’ डीव्हीडीत तो कधी ऐकलाच नव्हता.

डिस्कवरची एक प्रत नणंदेकडे विरारला जातेय, ती शिमग्याला येईल तेव्हा घेऊन जाईल. भाग ४ हवाबंद डब्यात ठेवलाय. बुरशी लागलेली टेप साफ करणारं कोकणात किंवा मुंबईत कुणाच्या खात्रीतलं असेल, स्वतः काम करून घेतलेलं असेल, तर इथे लिहा. नाव उघड लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी धागा बघत राहीन.